बारावं धड

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३.४०

उलटवताना मान फाटली. पेन्सिलीनं आतून ढकलत होतो, बोथट बाजूनं. तरी फाटली. दोष पेन्सिलीचा नाही, कापडाचा आहे. मांजरपाट पूर्वी असा नव्हता.

ही रिव्हिजन शून्य. पंपांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं ड्रॉइंग काढली. शून्याला तिथे कोणी नापास करत नसे.

नोंदीसाठी: हिनं आजवर बाहुल्यांसाठी जे कपडे शिवले, त्यांतले बारा वाचनालयाच्या काचेच्या कपाटात एक आठवडा मांडायचे आहेत. रविवार २३ पासून. ग्रंथपाल बाईंनी आपण होऊन विचारलं. कपडे नुसते पसरले तर फडकी दिसतील, म्हणून आत घालायला कापडी धडं हवीत. डोकं नको, हातपाय नकोत. मान, खांदे, छाती, कंबर, आत कापूस, खाली पुठ्ठ्याचा तळ. ही म्हणाली, एका दुपारी चार-पाच होतील. मी म्हणालो, हे माझ्यावर सोड. तिनं जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं, एका खोलीत तरी बसाल.

एकोणीस दिवस, बारा धडं. वेळ भरपूर आहे. आज आणखी काम नको.

५ नोव्हेंबर, बुधवार

संकल्प: रोज सकाळी सात ते दहा काम.

साडेदहाला बसलो. घरात एकच बाहुली उरली आहे, मुलीची, डावा हात नसलेली. व्हर्नियर कॅलिपरनं तिची मापं घेतली. छातीचा व्यास घेऊन पायनं, म्हणजे ३.१४ नं, गुणला. ही दारातून म्हणाली, टेप देऊ का. टेपला कसली आली अचूकता. नंतर म्हणाली, बाहुली गोल नाही, चपटी आहे. हे आधी सांगायला हवं होतं.

आकडेमोड पुन्हा करावी लागेल. उद्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ड्रॉइंग पूर्ण. समोरून, बाजूनं, वरून. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख, माझी सही आणि ‘लेखी परवानगीशिवाय बदल करू नये’. भिंतीवर लावलं. हिनं त्यावरच वाण्याची यादी टाचली.

ही सध्या निळ्या फ्रॉकवर आहे. बारातला शेवटचा. दोन महिने चालू आहे. भिंग लावून शिवते. बाहुलीच्या फ्रॉकला दोन महिने. नियोजन नाही, दुसरं काय.

प्रदर्शनाला तिच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई येणार आहेत. वय पंच्याऐंशी. शाळेत त्यांनी हिची कॉलर तीनदा उसवायला लावली होती. चौथ्यांदा हातात घेऊन बघितली आणि काही न बोलता परत दिली. ते काही न बोलणं ही अजून जपून आहे. बाकी कोण येतं, कोण नाही, याचं तिला काही नाही. बाईंनी बघायला हवं.

बाईंना धडांमागची कल्पना थोडक्यात समजावून सांगीन.

९ नोव्हेंबर, रविवार

रिव्हिजन एक. आखलेल्या रेघेवरून कापलं, तंतोतंत. मशीनला हात लावायची मला परवानगी नाही (१९९८ चा प्रसंग), म्हणून हातानं धावदोरा. दोन दिवस. उजव्या तर्जनीला सात भोकं.

कापूस भरला. धड बारीक आलं. खांदे नाहीतच. धड कमी, पाइप जास्त. हिला दाखवलं. तिनं कडा चाचपल्या, आत बोट घालून बघितलं आणि धड परत देत म्हणाली, “माया ठेवलीच नाही तुम्ही.”

बाहेर गच्चीत जाऊन उभा राहिलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

चौतीस वर्षांच्या संसारानंतर हे वाक्य. तेही एका धडावरून.

तिच्या दाढदुखीत मी डेंटिस्टकडे तीन तास बाकावर बसलो होतो. मासिकं जुनी होती, तरी बसलो. तिच्या आईच्या आजारपणात महिनाभर स्वतःचा चहा स्वतः केला, कोणाला त्रास दिला नाही. लग्नाचा वाढदिवस मला नेहमी लक्षात असतो. तारीख तेवढी ती सांगते. मी बोलून दाखवत नाही, एवढंच. ड्रॉइंगमध्येसुद्धा सगळं लिहीत नाहीत.

ठरवलं: ती बोलल्याशिवाय बोलायचं नाही.

तीही दिवसभर गप्प. म्हणजे तिलाही लागलं असणार. संध्याकाळी कळलं, तोंडात टाचण्या होत्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुलीचा फोन. आडवळणानं सांगितलं, तुझ्या आईला वाटतं मला माया नाही. ती म्हणाली, आई असं बोलायची नाही, कशावरून म्हणाली? मी म्हणालो, धडावरून. ती म्हणाली, बाबा, बीपीची गोळी घेतली का?

घेतली नव्हती.

काम बंद. मनःस्थिती नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्याचं मत घ्यावं म्हणून कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरकडे गेलो. रिव्हिजन एक पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. फक्त तांत्रिक मत विचारलं. त्यानं धड बोटावर फिरवलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, साहेब, यात मायाच नाही.

म्हणजे घरातली गोष्ट दुकानापर्यंत आली. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तो आमच्या घरचा प्रश्न आहे, त्यात बाहेरच्यांनी पडू नये. त्यानं चष्म्यावरून बघितलं. शेजारी काज करणारा कारागीर थांबला. मग मास्तरनं एक चिंधी घेतली, खडूनं रेघ मारली आणि म्हणाला, साहेब, ही शिवण. हिच्या बाहेर अर्धा इंच कापड सोडायचं. ही माया. रेघेवरच कापलं की शिवणीत कापड जातं आणि माप आवळतं.

मी म्हणालो, ते मला माहीत आहेच, तुमची पद्धत बघत होतो.

कारागीर खाली बघून काज करायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

घरी हिला म्हणालो, टेलरमास्तरला विशेष काही कळत नाही. दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणार होतो. पण अबोला होता हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मग कशाला उगाच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रिव्हिजन दोन. या बाबतीत पुन्हा कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. ड्रॉइंगमध्ये अर्धा इंच माया धरली. कापताना आणखी अर्धा इंच सोडली. शिवण अगदी कडेनं घातली, म्हणजे सोडलेली माया वाया जायला नको.

धड भरदार होणार. कापूस भरायचा आहे. उद्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाठ धरली आहे. जमिनीवर बसून शिवल्याचा परिणाम. टेबलावर बसून शिवलं असतं तर मान धरली असती. दिवसभर पडून विचार केला. कामाचा मोठा भाग विचारच असतो.

उरले आठ दिवस, उरली बारा धडं. रोजचं दीड. शक्य आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी उठून हिच्या खोलीत चहाचं विचारायला गेलो. मशीनशेजारच्या टेबलावर अकरा धडं ओळीनं उभी होती. पांढरी, नीटस, सगळी एका उंचीची. कालची दुपार आणि आजची, असं ती म्हणाली. माझ्या ड्रॉइंगचा उपयोग झाला का विचारलं. म्हणाली, मागच्या बाजूला मापं लिहिली.

ती दोरा तोडत म्हणाली, “बारावं तुमचं. निळ्या फ्रॉकचं.”

निळा फ्रॉक कपाटात मधोमध राहणार आहे.

याचा मी नीट विचार केला. अकरा धडं म्हणजे मास प्रॉडक्शन. ते कोणीही करतं. मुख्य वस्तूसाठी तिला माझ्याकडेच यावं लागलं.

संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आता एवढं एक धड तरी धड करा.

शब्दांशी खेळायची सवय तिला आईकडून लागली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फ्रॉक तयार झाला. हिनं आज माझ्या हातात दिला. हात धुऊन या म्हणाली. धुतले होते, तरी पुन्हा धुतले.

बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा. मागे गळ्याशी दोनच बटणं, मिऱ्याएवढी. डोक्यावरून घालायचा. शिलाई बरी आहे. मात्र छातीवर आडव्या पट्ट्यात सगळ्या बारीक सुरकुत्या आहेत. शेकड्यांनी. त्यांवर काहीतरी टाके घातलेत. इस्त्री राहिली असावी. बोललो नाही. दमली आहे.

रिव्हिजन दोनमध्ये कापूस भरला. पट्टीनं ठासून भरला, पोकळी नको म्हणून. फ्रॉक वरून घातला तर खांद्यापाशीच अडकला. धडाचा दोष म्हणता येणार नाही. फ्रॉक मूळ बाहुलीच्या मापाचा आहे आणि बाहुलीला एक हात कमी आहे.

नवीन धड शिवायला वेळ आहे. पण गरज नाही. उपाय सुचेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.१०

उपाय सुचला. दाढी करताना.

धड तयार करून त्यावर फ्रॉक घालायचा, ही चूक होती. कापूस काढून रिकामं धड फ्रॉकच्या आत घालायचं आणि मग खालून कापूस भरायचा. मोठे पंप असेच जागेवर जोडतात.

केलं. दोन तास लागले. सगळा कापूस गेला, वर हिच्या पिशवीतला आणखी. शेवटी पुठ्ठ्याचा तळ कारखान्यातल्या गोंदानं बसवला. हा गोंद लोखंड धरतो.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला. छातीवरच्या सुरकुत्या आपोआप गेल्या. एक म्हणून राहिली नाही. इस्त्रीनंसुद्धा इतकं झालं नसतं. ढोलासारखी गुळगुळीत.

हिला दाखवलं नाही. शनिवारी वाचनालयातच दाखवीन. खोक्यात ठेवून वरून टेप मारला. ही दोनदा विचारून गेली, बसला का नीट. मी म्हणालो, बसला म्हणजे काय, असा बसलाय की हलणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कपाटात लावायचं कार्ड लिहिलं. ‘संकल्पना व धडरचना’ आणि माझं नाव. खाली ‘शिवण’ आणि हिचं. तिनं ते वाचलं आणि तिच्या जुन्या कंपासपेटीत ठेवलं. जपून ठेवायला असेल. दुसरं लिहायला वेळ झाला नाही.

पायाला मुंग्या. लवकर झोपलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चार वाजता वाचनालयात गेलो. हिनं अकरा धडं मांडली. रेनकोट, शाळेचा गणवेश, नाइटगाऊन, पिनाफोर, बाकीचे फ्रॉक. ठीक दिसत होते. मधली जागा रिकामी होती. मी टेप कापला आणि बारावं बाहेर काढलं.

हिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फ्रॉकच्या छातीवरून बोट फिरवलं, एका काखेपासून दुसरीपर्यंत. मग हळूच विचारलं, काढता येईल ना? मी म्हणालो, काढायचा कशाला. तिनं खालून ओढून बघितलं. बटणं काढून वरून बघितलं. धड उलटं करून तळ बघितला.

ते टाके म्हणजे स्मॉकिंग, असं तिनं मला सांगितलं. कापडाच्या मोजून चुण्या घेतात आणि एकेक चुणी टाक्यानं धरतात. चुण्या दिसल्या पाहिजेत. त्या चुण्यांचेच दोन महिने. बाईंनी शाळेत शिकवलं होतं ते हेच.

हे तिनं रागानं सांगितलं नाही. रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणालो, लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. ती म्हणाली, बाई लांबून बघत नाहीत. मग पर्समधून छोटी कात्री काढली. तळाशी धड कापू, थोडा कापूस काढू, चुण्या जरा परत येतील. मी तिला गोंदाविषयी सांगितलं, गुरुत्वमध्याविषयी सांगितलं. ग्रंथपाल बाई एकेक दिवा मालवत होत्या.

शेवटी मी म्हणालो, “कापलंस तर माझे अठरा दिवस गेले.”

खरं तेच होतं. आकडाही बरोबर होता.

ती कात्री हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “असू दे.” कात्री परत ठेवली. बारावं तिनं स्वतःच्या हातानं मधोमध ठेवलं आणि कपाट लावलं.

एकंदरीत मांडणी उत्तम झाली. घरी येताना तिनं रिक्षा केली. मी चालत यायला तयार होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.००

प्रदर्शनाचा पहिला दिवस पार पडला. एकूण सव्वीस माणसं, मला धरून. एका लहान मुलीनं कपाटाला नाक लावून मधलंच बघितलं आणि आईला विचारलं, हिचं पोट भरलंय का. लहान मुलांना आकार लगेच कळतो.

शिवणाच्या बाई साडेअकराला आल्या. काठी टेकत, सुनेचा हात धरून. हिनं पुढे होऊन त्यांना आत आणलं. बाईंनी खुर्ची नको म्हटलं. कपाटाच्या एका टोकापासून सुरुवात केली. एकेका कपड्यापुढे थांबत होत्या, वाकत होत्या, काही न बोलता पुढे सरकत होत्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. ही शेजारी उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी थोडा मागे, बोलायचे मुद्दे खिशात.

मधल्यापाशी बाई थांबल्या. बराच वेळ. मग काचेवर नखानं दाखवत म्हणाल्या, “इथे चुण्या हव्या होत्या गं. सगळ्या ताणल्यास.”

ही म्हणाली, “हो बाई. माझं माप चुकलं.”

बाईंनी मान हलवली. तिच्या हातावर थोपटलं. वयानं नजर जाते, असं काहीतरी म्हणाल्या. मग उरलेले कपडे बघितले, भराभर, आणि गेल्या.

मी सांगणारच होतो. मुद्द्यांचा कागद खिशातून अर्धा बाहेर आला होता. पण बाईंना ऐकू कमी येतं, तेवढ्या मोठ्यानं वाचनालयात बोलता येत नाही. तशी पाटीच आहे. शिवाय सुनेला घाई दिसली. शिवाय हिनं उत्तर देऊन टाकलंच होतं. दोघांनी एकदम बोलणं बरं दिसत नाही.

धड वाईट नव्हतं. दुसऱ्या एखाद्या कपड्याला ते शोभलं असतं.

वाटेत ही एवढंच म्हणाली की बाई फार थकल्या आहेत, आता कुठे येणं-जाणं होईलसं वाटत नाही. घरी आल्यावर जेवायला वाढलं. भाजी हवी का विचारलं. मी हो म्हणालो. नको होती.

आता ती तिच्या खोलीत आहे. मशीनचा आवाज नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.२०

नऊला वाचनालय उघडलं तेव्हा दारात होतो. ग्रंथपाल बाईंकडून कपाटाची किल्ली घेतली. बारावं वाचकांच्या टेबलावर आडवं ठेवलं आणि दाढीच्या ब्लेडनं तळाच्या वर गोल कापलं. गोंद सुटला नाही, कापड सुटलं. कापूस बोटांनी काढला. धड रिकामं झालं तसा फ्रॉक निघाला. त्याला कुठे ब्लेड लागलं नाही. चुण्या थोड्या परत आल्या. सगळ्या नाही. आडवा धरून हलकेच दोन्हीकडून दाबला, आणखी थोड्या आल्या. मधल्या जागी सपाट ठेवला. कपाट लावलं.

ग्रंथपाल बाई येऊन बघून गेल्या. टेबल झाडून द्या म्हणाल्या, साडेनऊला वाचक येतात. पिशवी नेली नव्हती. कापूस खिशांत भरला. पँटच्या दोन्ही, शर्टाच्या एका. उरलेला हातात घेऊन घरी आलो.